काचेतला जांभळा उजेड

सोमवार
जगात अन्याय पुष्कळ आहेत. पण फिरत्या खुर्चीने फक्त डावीकडेच फिरावं, याहून मोठा मी तरी सोसलेला नाही. उजवीकडचं बटण दाबायचं तर पृथ्वीप्रदक्षिणा! बाकी नवी नोकरी झकास. भट्टीचा विषारी धूर दोन्ही बाजूंना काचा बसवलेल्या एका लोखंडी नळकांड्यातून जातो, तिथे विजेच्या ठिणग्यांचा मारा होऊन विषाचे तुकडे पडतात आणि चिमणीतून सभ्य हवा बाहेर पडते. मी केबिनच्या काचेतून तो जांभळा उजेड बघत बसायचं. नोकरी मेव्हण्याने लावली. तो इथे सुपरवायझर. "दाजी, बसून पगार!" म्हणाला. बायकोच्या तोंडी तर भावाशिवाय दुसरा विषय नाही.

बुधवार
दाराचा रंग आतून, कडीपाशी, खरवडलेला आहे. मेव्हणा म्हणतो, रंगारी कामचुकार होता. आधीच्या ऑपरेटरचं विचारलं, तर म्हणे, त्याला इथलं मानवलं नाही.

गुरुवार
ठिणग्यांची तडतड नाही. वीज कोसळल्यावर येतो तसा वासही नाही. कारखान्यातल्या वेल्डरजवळ बोललो, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, साहेब, एवढी वीज जाळायला मालक खुळा आहे का? आत साधा जांभळा दिवा लावलाय. त्याची पिन तुमच्याच टेबलाखाली.

शुक्रवार
मेव्हण्याला जाब विचारला. म्हणाला, हळू बोला, ताईच्या कानावर नको. सरकारी तपासणी सोमवारी, तेव्हा चिमणीत नुसती बाहेरची हवा सोडतात. मग धूर कुठे जातो? तो भट्टीकडे चालता झाला.
वेल्डरने सांगितलं. तपासणीच्या वेळी धूर जुन्या नळीतून वळवतात, माझ्या केबिनखालून. नळी फुटकी आहे. आधीच्याला उचलूनच बाहेर काढलं होतं.
उद्या राजीनामा.

शनिवार
डबा घ्यायला केबिनमध्ये शिरलो — बाहेरून कडी. मेव्हणाच. दाजी, तासभर कळ काढा, म्हणाला, तपासणी अचानक आजवर आलीय, तुम्ही त्यांच्यापुढे बोललात तर माझी बढती गेली हो.
आवाजात लाज होती. कडी मात्र पक्की.

फरशीच्या फटीतून धूर येतोय. डोकं जड. दार बडवलं — भट्टीच्या घरघरीत कोण ऐकणार. मीही रंग खरवडतोय. रंगारी बिचारा निर्दोष.

नळकांड्यापलीकडच्या काचेशी तपासणीवाले. मालक उजेड दाखवतोय. मेव्हणा मान डोलावतोय. त्यांना उजेड दिसतो — मागचा मी नाही —

टेबलाखाली. गुडघ्यांवर. पिन सापडली.
नोकरी लावलीस, बाबा. कुणाचे उपकार ठेवून घ्यायची सवय नाही मला. फेडतो.

ओढली. नळकांड्यात काळोख. पलीकडे सगळे थबकले — कुणीतरी इकडे बोट —