अक्कांच्या नावाची वर्गणी

३ नोव्हेंबर, सोमवार

मासिकाची वर्गणी संपत आल्याचा मेसेज. तंत्रज्ञान आणि संस्कृती, दोन्ही एकाच पाकिटात घरी येतं असं हे मासिक. पाली गावात माझ्या नावानं येणारं एवढं एकच टपाल. बाकी सगळं बँकेचं, आणि ते धन्यांच्या नावानं.

यंदा नुसतं 'चालू ठेवा' म्हणून भागत नाही. योजना निवडायची. 'एकल': छापील अंक, वाचक एक. 'डिजिटल': सगळं फोनवर, कागद नाही. 'कुटुंब': एक छापील अंक आणि चार वाचकांची नावं, प्रत्येकाचं आपापलं खातं. सवलत महिनाअखेरपर्यंत.

लग्नाच्या वेळी मला एकच स्थळ दाखवलं होतं, आणि चहा गार व्हायच्या आत होकार मागितला होता. मासिकासाठी तीन स्थळं आणि महिनाभर मुदत. सुधारणा म्हणायची.

धनी म्हणाले, "डिजिटल घे. कागदाचा पसारा नको घरात." खताच्या जुन्या पावत्या पोत्यात भरून ज्यांनी माळ्यावर ठेवल्यात, ते.

५ नोव्हेंबर

कॉलेजवरून आले तर अक्का मागच्या ओट्यावर हजर. शेजारी दुधाचा तांब्या. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ एका ओट्यावर बसलेल्या बघून गल्लीतल्या बायका अजून मान वळवतात. वाटणी झाल्यापासून दादा आणि आमचे धनी, सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत. मधे भिंत. विहीर तेवढी सामाईक. मोटरचे निरोप आम्ही दोघी पोचवायच्या: "त्याला सांग, बंद कर." "त्यांना सांग, केली." टपालखात्याला आमच्याइतकी शिस्त असती तर अंक वेळेवर आला असता.

अक्कांना दूध द्यायचं निमित्त असतं, मला घ्यायचं. खरं काम वाचनाचं. चौथीत त्यांची शाळा सुटली, वाचता येतं, पण अक्षराला अक्षर लावत. म्हणून मी वाचते. आज गाणी रचणाऱ्या यंत्रावरचा लेख.

"गानं करतंय?"

"हो अक्का. चालसुद्धा लावतंय."

"त्याला आदी धुनं धुवाया लाव. मग गाऊ दे."

माझ्या वर्गातली मुलं सगळ्याला "हो मॅडम" म्हणतात. अक्का कळलं नाही तर कळलं नाही म्हणतात. "परत वाच. सावकाश." तिसऱ्यांदाही वाचायला लावतात, आणि तिसऱ्यांदा मलाच नव्यानं कळतं की दुसऱ्या परिच्छेदात लेखकानं शुद्ध थाप मारलीय. इतकी वर्षं शिकवते आहे, असा श्रोता मला दुसरा मिळालेला नाही.

६ नोव्हें.

लेखाचा दुसरा भाग राहिला होता. त्याऐवजी अक्कांनी शेळ्यांचं चित्र असलेलं पान उघडलं. परदेशात शेळीच्या गळ्यात यंत्र बांधतात, शेळी कुठं आहे ते फोनवर दिसतं. अक्का माहेरच्या धनगर, इथंही शेळ्या त्यांच्याच. सगळं ऐकून घेतलं.

"मंग राखनाऱ्यानं दिसभर करायचं काय?"

मी लेख पुन्हा चाळला. लेखकालाही सुचलं नव्हतं, नाहीतर त्यानं लिहिलं असतं.

"हे इचार त्यांना," म्हणाल्या. शेवटच्या पानावर वाचकांचे प्रश्न छापतात, ते त्यांना माहीत आहे.

"विचारते. माझ्या नावानं पाठवते आजच."

"तुज्या कावून? प्रश्न माजा हाय."

प्रश्न पाठवायला वाचकाचं नाव नोंदलेलं लागतं. म्हणजे 'कुटुंब' योजना. स्थळ पक्कं झालं.

९ नोव्हें., रविवार

पेपरच्या रविवार पुरवणीत माझं सदर छापून आलं. धन्यांनी वाचलं नाही, त्यामुळे घरात शांतता.

मासिकाच्या कार्यालयात फोन केला. गोड आवाजाची मुलगी. "मॅडम, 'कुटुंब'साठी चारही वाचक एकाच घरात राहणारे हवेत. राहता ना?"

दर रविवारी लोकांची सालं काढणारी मी. अडकले. दोन दारं, दोन मीटर, दोन रेशनकार्डं, मधे भिंत. भिंतीला वरून पत्रा मात्र एकच, कारण कापायला गेलो तर दोन्हीकडं गळलं असतं. याला घर एक म्हणायचं की दोन? तहसीलमध्ये दोन आहेत. पावसात एक.

"मॅडम? हो की नाही?"

"कळवते."

१० नोव्हें.

धन्यांना सांगितलं. ताटावरून उठले नाहीत एवढंच.

"एक घर लिहायचं न्हाई. अजिबात न्हाई. वाटणीचा कागद झालाय आपला."

"अहो, मासिक आहे. कोर्ट नाही."

"छापील कागद म्हणजे पुरावा. उद्या दादा म्हणंल, बघा, हिनं स्वतः लिहून दिलंय घर एकच हाय म्हणून. मग भिंतीचं काय? ओट्याचं काय?"

हा माणूस बी.एस्सी. आहे. फर्स्ट क्लास.

१२ नोव्हें.

अक्का दूध घेऊन आल्या त्याच हसत. तांब्या हिंदकळत होता. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "शालन, आमच्या घरी बी तेच! म्हनतेत, बाळ्याची चाल हाय ही. मास्तरीण बायकोच्या हातनं एक घर लिवून घेतो अन् उद्या विहीर सगळी माजी म्हनतो."

म्हणजे वाटणीनंतर दोघा भावांचं पहिल्यांदाच एकमत. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, शब्दाला शब्द.

हसून झाल्यावर अक्कांनी तांब्या खाली ठेवला. मग, "पर मला माजं नाव पायजे, बग." शेत दादांच्या नावावर, घर दादांच्या, मीटर दादांच्या. शेळ्यांना नावं आहेत, अक्कांनीच ठेवलेली. अक्कांना हाक मारताना मात्र गाव 'दादाची बायको' म्हणतं. एवढं सगळं त्या म्हणाल्या नाहीत. मीच हिशेब लावला, चुलीपाशी, नंतर.

१५ नोव्हें.

घडलं!

संध्याकाळी भिंतीपलीकडून दादांचा आवाज. निरोप नाही. थेट.

"काय बे बाळ्या! त्या पुस्तकावर काय लिवून द्यायलास?"

धनी हातातला चहा घेऊन तसेच उठले. "मी कशाला लिहून देतोय? तुमचीच माणसं मागं लागलीत!"

"माजी मानसं? तुजी बायको वाचून दावती रोज!"

पाच मिनिटं भांडण. मग दम खायला थांबले. त्या थांबण्यात दादा म्हणाले, "मोटर जळाली का रे परवा?" आणि हे म्हणाले, "न्हाई, फ्यूज गेलता."

मी दाराआड. अक्का त्यांच्या दाराआड असणार. बांगड्यांचा आवाज नव्हता, म्हणजे बांगड्या मुठीत दाबून उभ्या असणार.

१७ नोव्हें.

दादा आमच्या ओट्यावर येऊन बसले. बसले म्हणजे टेकले. पूर्ण बसणं म्हणजे माघार. धन्यांनी माझ्या फोनवरून योजनेच्या अटी वाचून दाखवल्या. दादा बोट वर करून थांबवतात: "हां. ते परत वाच. सावकाश." हे अक्कांकडून आलंय की अक्कांकडं यांच्याकडून गेलं, देव जाणे.

'सदस्य' शब्दावर अर्धा तास. 'निवासी पत्ता' या शब्दावर दोघंही घाबरले.

अटींत वाटणीबद्दल काही नाही, असं मी म्हणणार होते. मागून अक्कांनी दंडाला चिमटा काढला. "गप. बोलू दे."

२० नोव्हें.

अक्कांनी विचारलं, "लिवशील का ग आमच्यावर पेपरात?"

वर्षभराचा माल आहे. दोन भाऊ, एक मासिक, एक पत्रा. हात शिवशिवतो. तरी नाही म्हटलं. संपादकांना मोसंबीवर लिहून दिलं. मोसंबी कधी रागावत नाही.

२३ नोव्हें., रविवार

दादा रोज येतात आता. मोसंबीच्या भावावरून सुरुवात, मग वर्गणी. कालपासून पूर्ण बसतात, पाय वर घेऊन.

आज धन्यांनी तोड काढली. 'एकल' योजना घ्यायची, पत्ता माझा, आणि अक्कांचा प्रश्न माझ्या नावानं पाठवायचा. दादांना लगेच पटलं. दोघं एकमेकांकडं बघून माना हलवायला लागले, जणू सीमाप्रश्न सुटला. दादा उठायच्या बेतात.

दारातून अक्का: "मला पटत न्हाई."

बास. एवढंच. दादा परत बसले. "काय पटत न्हाई? सांग तर." अक्का काही सांगेनात. ते दोघं पुन्हा पहिल्या अटीपासून.

गोठ्यात गेले तर अक्का बादलीवर वाकलेल्या. म्हटलं, "अक्का, मला वाटलं तुम्ही नावासाठी अडून बसलात."

"नावासाटी बी."

"आणि?"

"मिटलं की उटून जातील की दोगं आपल्या आपल्या घरी." धार काढत राहिल्या. वर बघितलं नाही.

मी सदरात लोकांना शहाणपण वाटते. ही बाई बादलीवर वाकून करते, आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. इथं थांबते, नाहीतर कौतुकानं अक्षर बिघडेल.

२६ नोव्हें.

पण मुदत? अक्का दोन्ही मागतायत. नाव पाहिजे, म्हणजे महिनाअखेरच्या आत मिटायला हवं. भांडण चालू पाहिजे, म्हणजे मिटायला नको. विचारलं. "हाय माज्या ध्यानात," एवढंच म्हणाल्या. आज वाचताना प्रथमच त्यांचं लक्ष नव्हतं. 'परत वाच' म्हणाल्या नाहीत.

फोनवरच्या मुलीनं सांगितलं, सवलत वाढवता येत नाही. आणि सवलतीशिवाय 'कुटुंब' घेणं धन्यांकडून व्हायचं नाही. ते फ्यूजसुद्धा सेल लागल्यावर आणतात.

२८ नोव्हें.

दोघंही अटी वाचून दमले. दादा म्हणाले, "असं न्हाई कळायचं. वकिलाला दावू."

धनी: "बीडला. माझ्या ओळखीचा हाय."

दादा: "तुज्या वळखीचा कावून? माज्या वळखीचा."

शेवटी दोघांच्याही ओळखीचा नसलेला ठरला.

३० नोव्हें., रविवार

वकिलांना रविवार नसतो. दुपारी जेवून दोघं भाऊ बीडला गेले. एका गाडीवर. दादा मागं बसले, धन्यांच्या खांद्यावर हात ठेवून, योजनेच्या अटींची छापील प्रत खिशात. धरणाच्या वळणापर्यंत दिसत होते. गल्लीतल्या बायकांनी आज मान वळवली ती त्यांच्याकडं.

सवलतीचा आज शेवटचा दिवस.

ऊन उतरताना अक्का आल्या. मी फोनवर सगळं भरून ठेवलेलं. पत्ता, माझं नाव, त्यांचं नाव. दोन जागा रिकाम्या, दोन भावांच्या. त्या सोडल्या तरी चालतात. खाली एक प्रश्न राहिला: सर्व वाचक एकाच घरात राहतात का? हो. नाही.

"भरू का अक्का? ते येईपर्यंत होऊन जाईल."

"आल्यावर बगू."

"वकील नको म्हणाला तर?"

"मंग दुसऱ्या वकिलाकडं जातील. जाऊ दे की."

"आज संपतंय सगळं. परत नाही मिळायचं या भावात. तुमचा प्रश्न राहील."

अक्कांनी हात पदराला पुसून फोन मागितला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. माझ्याकडून वाचून घेतलं नाही. काचेला लागू नये असं अंतर ठेवून बोट धरलं, आणि स्वतःचं नाव स्वतःच वाचलं: कौ. स. ल्या.

"नीट लिवलंय," म्हणाल्या.

फोन परत दिला नाही. मांडीवर ठेवून बसल्यात. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की दोघी बघतो. आतापर्यंतच्या सगळ्या दुसऱ्यांच्या. काचेवरचा उजेड जरा वेळानं विझतो. अक्का बोटानं टिचकी मारून पुन्हा लावतात. 'हो'ला लागणार नाही, 'नाही'लाही लागणार नाही, अशी बेतानं.