आत्याला सांगायचं नाही

सोमवार, ९ जून २०२५. सकाळी ९.१०

किचन टेबलावर निबंधाची पहिली ओळ तिसऱ्यांदा खोडत होतो. विषय: ग्रीक नाटकातलं पात्र शोकात्म कशामुळे होतं. नागपूरहून आत्याच्या मुलाचा, मिहीरचा मेसेज आला. आतोबांना अ‍ॅटॅक, आयसीयूत आहेत. ‘आईला सांगू नकोस, आधी मामांना सांग.’ आत्या समोरच मेथी निवडत बसली होती. फोन उलटा ठेवला.

बाबांना ऑफिसात फोन केला. म्हणाले, कोणी काही बोलायचं नाही. तिचं नागपूरला परतीचं तिकीट एकवीसचं आहेच, तिथे उतरली की सांगू. तिला बी.पी. आहे. आजी गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा ती जिन्यावरून पडली होती. त्यात एवढा विमानप्रवास, एकटीने, ही बातमी घेऊन. तिन्ही कारणं बरोबर. म्हणून ‘बरं’ म्हणालो.

मंगळ. १० जून

बाबांनी वायफायचा पासवर्ड बदलला. आत्याकडे इथलं सिम नाही, म्हणजे तिचा फोन बंदच. कंपनीचा प्रॉब्लेम आहे, असं सांगितलं. मिहीरशी बोलणं फक्त बाबांच्या फोनवरून, बाबा शेजारी बसलेले. आतोबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, असं ठरलंय. आत्याने दोनदा विचारलं. मग म्हणाली, “दादा म्हणतो ना, मग ठीकच असन.”

गुरु. १२ जून

निबंध परत आला. ‘गर्वामुळे पतन’ असं लिहिलं होतं. बाईंचा शेरा: फार सोपं उत्तर, पुन्हा लिहा.

वर्गात म्हणाल्या, वाईट माणूस पडला तर बघणारा सुटकेचा श्वास टाकतो. अगदी निष्पाप माणूस चिरडला गेला तर नुसतं अंगावर येतं. शोकात्म माणूस या दोघांच्या मधला. भला, मोठा, आणि त्याची चूक निघते त्याच्या सगळ्यात चांगल्या गुणातूनच. या चुकीसाठीच्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ दोष नाही, नेम चुकणं.

हा कोर्स दुसऱ्यांदा करतोय. युनिव्हर्सिटी सुटली, आता कम्युनिटी कॉलेज तरी. नोट्स नीट घ्यायला हव्या होत्या, पण डोळ्यांसमोर बाबाच. आजोबा गेले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे. आत्याचं शिक्षण, लग्न सगळं त्यांनी केलं. घरातली प्रत्येक वाईट बातमी आधी त्यांच्यावर आदळते. मग कोणाला किती सांगायची ते ठरवतात.

शनि. १४ जून

आतोबांची किडनी काम करेना. डॉक्टर मिहीरला म्हणाले, आईला बोलावून घ्या.

बॅकयार्डमध्ये बाबांशी भांडलो, दोघंही हळू आवाजात. मी म्हणालो, आजचं तिकीट काढा.

“आणि विमानात तिला काही झालं तर?”

“आणि एकवीसच्या आधी आतोबांना झालं तर?”

“स्वतःचं कॉलेज सांभाळता आलं नाही, आणि मला जबाबदारी शिकवतोय.”

खरं आहे. थोड्या वेळाने तेच आंबा कापून घेऊन आले, माझ्यासाठी.

रवि. १५ जून. दुपारी

आईबाबा इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगला. नाही गेलं तर चार लोकांचे फोन येतील, आत्याच्या कानावर पडेल, म्हणून.

आत्याने विचारलं, एवढं काय लिहितोस. सांगितलं, एक राजा सगळ्यांचं भलं करायला निघतो आणि त्यातूनच घर बुडतं.

“कोणी सांगत नाही त्याले?”

“गावातली म्हातारी माणसं बाजूला उभी असतात, बारा-पंधरा. त्यांना सगळं दिसत असतं.”

“मग ते काय करते?”

“गाणं म्हणतात.”

हसली. “घर बुडून राहिलं अन् हे गाणं म्हणून राहिले?”

मलाही हसू येणार होतं. आलं नाही. ते तिने पाहिलं.

“ओंकार, यांचा घसा कधीपासून बसला?”

सांगितलं. सोमवारपासूनचं, क्रमाने, काही न वगळता. ती पडली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. फक्त एवढंच विचारलं, “दादाले माहीत होतं?” हो म्हणालो. तेव्हा खाली बसली.

आजचंच तिकीट मिळालं, रात्री ८.४० चं. सहाला निघायचं. बाबांना अजून कळवलं नाही. हायवेवर असतील, ड्राइव्ह करताना नको.

५.२०

मिहीर: ‘बाबा गेले. आईला कसं सांगायचं ते तू ठरव.’

तिचं बी.पी. आत्ताच मोजलं होतं, १७०. दोहाला चार तास थांबायचं आहे, एकटीने.

आत्या आतल्या खोलीतून विचारतेय, यांच्यासाठी घेतलेले बूट बॅगेत ठेवू का, वजन जास्त होईल का.

“ठेव,” म्हणालो.