उभ्याउभ्या

ता. १४, शुक्रवार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायचं हाताला वळण पडलंय, म्हणून लिहिलं.

तुझे पैसे मिळाले. दाजींना सांग.

दुकानाचा गाळा सोडला, शिलाई मशीन हिच्या खाटेपाशी आणलं. वाटलं, गिऱ्हाईक घरी येईल, तेवढ्याच चार गप्पा होतील. कुठलं काय! "तुम्हाला कशाला त्रास" म्हणत सगळ्यांनी कपडे दुसरीकडे शिवायला टाकले. लोकांच्या भलेपणाने माझी रोजी गेली. आता भांडू तरी कुणाशी?

इमारतीतल्यांनी हिच्यासाठी वर्गणी काढली, ते कळवलंच होतं. सेक्रेटरी पाकीट घेऊन आले, मागे आठ-दहा जण. हिला बघून गेले. त्यानंतर कोणी फिरकलं नाही. उलट मीच जिन्यात चोरासारखा. केमोने हिच्या तोंडात फोड आलेत, आईस्क्रीम तेवढं गिळवतं. परवा डबा घेऊन येत होतो, तर समोरच्या काकू म्हणाल्या, "अरे वा, आज आईस्क्रीम!" वाईट मनाने नाही बोलल्या गं. पण तेव्हापासून मी डबा पिशवीत, अस्तराच्या तुकड्यांखाली दडवून आणतो.

खाली पत्ते कुटायला जायचो, तेही बंद. मी हसलो की सगळे बघतात, याला हसू कसं सुचतं म्हणून.

वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. काल बोटात सुई गेली, तर रक्त कापडाला लागू नये एवढंच डोक्यात आलं.

ही विचारते, "पुढची तारीख कधी?" मी म्हणतो, कळवतील.

ताई, पुढची तारीख नाही. सोमवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आता घरीच ठेवा, आवडेल ते खायला द्या. मी मान डोलावली, गाडी केली, हिला घरी आणलं. कुणाला बोललो नाही. बोललो तर पुन्हा पाकीट घेऊन येतील, उभ्याउभ्या.

तूही महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतेस, फोन करत नाहीस. समजतं मला. बोलणार काय? मीही तेच केलं असतं.

या महिन्याचे पाठवू नकोस. त्या पैशांचं तिकीट काढ. येताना काही आणू नकोस. ये आणि बस. माझ्याशी भांड हवं तर. हिला सांगायचंय, आणि एकट्याने माझ्याच्याने होत नाही.

तुझी वाट बघणारा,
हिच्याशी रोज खोटं बोलणारा,
तुझा धाकटा