टाळ्यांच्या लाल रेघा

४ मार्च, सोमवार

एकवीस दिवस! तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं म्हणे जास्त ताण पडतो. शनिवारच्या सभेत माइक बंद पडला आणि मी दीड तास नुसत्या गळ्याच्या जोरावर बोलले, त्याचं हे फळ. स्वरतंतू सुजलेत. डॉक्टर म्हणाल्या, "ताई, ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल." मी पाटीवर लिहिलं — ३० तारखेला कामगार मेळावा आहे, मुख्य भाषण माझं आहे! त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

यांचा, म्हणजे आमच्या घड्याळजींचा, चेहरा बघण्यासारखा होता. "एकवीस पुरतील ना हो डॉक्टर? वाढवून दिलेत तरी घरून काही हरकत नाही." जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वेळ बरोबर साधतो!

५ मार्च, मंगळवार

कपाट उघडलं. सात वह्या. पंधरा वर्षांत सात वेळा कादंबरी सुरू केली आणि सातही वेळा दुसऱ्या प्रकरणाआधी सोडली. दर वेळी कारण एकच — सभा आहे, मोर्चा आहे, वेळ नाही. भिंतभर कादंबऱ्या वाचल्या, दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर व्याख्यानं झोडली, आणि स्वतःची? आता सभा नाही, मोर्चा नाही. सबबच नाही!

तर ठरलं. या एकवीस दिवसांत एक प्रकरण. पण खरं. पंचवीस तारखेच्या आत जमलं नाही, तर सातही वह्या रद्दीत आणि हा विषय कायमचा बंद. मी लोकांना शब्द पाळायला सांगत फिरते. हा स्वतःला दिलेला.

७ मार्च, गुरुवार

लिहिलं! बावीस पानं, दोन दिवसांत. लाँड्रीत कपडे धुणारी बाई. संप करते, आजारी पडते, मरते. यांना वाचायला दिलं. चष्मा वर करून म्हणाले, "मरतेय ना ही?" मी मान हलवली. "मग अडीच पानं बोलायला दम कुठून आणला?"

अरसिक!

पानं खटखटबाईंकडे पाठवली. (नाव यांनीच ठेवलेलं, टाइपरायटरवरून.) बावीस वर्षं त्या माझी भाषणं उतरवून घेताहेत. मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत बोलायचं, त्यांनी पेन्सिलीनं टिपायचं. मी थांबले की दोनच शब्द — "पुढे, ताई?" मग घरी नेऊन टाइप करतात आणि समासात लाल रेघा ओढून आणतात. एक रेघ म्हणजे इथं श्वास घ्या. दोन रेघा म्हणजे इथं टाळ्या, थांबा. एकदाही चुकल्या नाहीत.

९ मार्च, शनिवार

प्रकरण टाइप होऊन आलं. समासात लाल रेघा! मोजल्या — एकोणीस ठिकाणी टाळ्या. मरतानाच्या पानावर तर चार. मी पाटीवर लिहिलं — अहो, ही कादंबरी आहे!

बाई ओशाळल्या. "अगंबाई! मला वाटलं, मेळाव्याचं भाषण."

हे आतल्या खोलीत पाठ फिरवून उभे होते. खांदे हलत होते.

१० मार्च, रविवार

आठवी वही. पान एक. फाडलं. पान एक. फाडलं.

१२ मार्च, मंगळवार

पावाच्या दुकानात रांगेत उभी होते. बोलता येत नाही म्हणून ऐकत होते — दुसरं करणार काय! पुढची बाई मैत्रिणीला सांगत होती, "सुनेला मी एका शब्दानं बोलले नाही गं. नुसती ताटली जरा जोरात ठेवली."

मी तिथंच खिळले. त्या ताटलीत सगळं घर आलं! मी असते तर सासूच्या तोंडी दोन पानं घातली असती, वर स्त्रीमुक्तीवर एक परिच्छेद. पाव न घेताच घरी धावले आणि ते वाक्य लिहून ठेवलं.

आणखी एक शोध. काम करताना हे गुणगुणतात. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मला पत्ता नाही! पाटीवर विचारलं, कधीपासून? भिंग न काढता म्हणाले, "पहिल्यापासून. तू श्वास घ्यायला थांबायचीस तेव्हा."

१३ मार्च, बुधवार

आता वही घेऊनच बाहेर पडते. लोक वाक्य पुरं करतच नाहीत! किती मजा आहे. पन्नाशी उलटून सात वर्षं झाली आणि कान आत्ता उघडले.

१६ मार्च, शनिवार

नवं प्रकरण. नऊ पानं. तीच लाँड्रीतली बाई, पण ती मरत नाही, संप करत नाही. मालकीण तिच्यावर टेबलक्लॉथ चोरल्याचा आळ घेते, बस्स. ताटलीही आली आहे.

एक मोह मात्र आवरला नाही. शेवटी तिला ताठ उभं केलं आणि तिच्या तोंडी माझं ते वाक्य घातलं — "आम्ही तुमचे डाग धुतो, तुमची पापं नाही!" नऊ वर्षांपूर्वीच्या सभेतलं. टाळ्या मिनिटभर थांबल्या नव्हत्या. आज संघटनेच्या प्रत्येक फलकावर आहे. माझी सगळी भाषणं विसरली जातील, हे उरेल. मग कादंबरीत का नको?

१८ मार्च, सोमवार

खटखटबाई पानं घेऊन आल्या. टाळ्यांच्या रेघा दोनच ठिकाणी. पण ते वाक्य! त्याच्यावर आडवी लाल काट!

पाटीवर लिहिलं — का?

"हे ती असं म्हणणार नाही, ताई."

बावीस वर्षांत त्यांनी माझा एक स्वल्पविरामही काढलेला नाही. मी खडू मोडेपर्यंत जोरात लिहिलं — माझं वाक्य आहे!

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं नाही ते. त्या दिवशी तुम्ही सांगत होतात, मधेच दारावर कुणी आलं. 'पुढचं नंतर सांगते' म्हणालात आणि विसरलात. मला विचारायचा धीर झाला नाही. ओळ अर्धी कशी ठेवू? मीच भरली."

बोलता येत असतं तर मधे तोंड घातलं असतं, आणि पुढचं कधीच कळलं नसतं.

"माझ्या आईचं आहे ते. चार घरी कपडे धुवायची. एकदा तिच्यावर आळ आला. पण ताठ उभी राहून नाही हो म्हणाली. काम गेलं असतं! मालकीण आत गेल्यावर, चादर पिळता पिळता म्हणाली. शेजारच्या नळालाही ऐकू गेलं नसेल. मी पायरीवर होते म्हणून."

१९ मार्च, मंगळवार

दिवसभर राग. कुणावर, ते ठरत नाही.

संध्याकाळी यांना सगळं लिहून दाखवलं. म्हणाले, "नऊ वर्षं टाळ्या घेतल्यास, एखादा कप चहा तरी पाजायचास." मला हसू फुटलं. आवाज नाही, नुसतं पोट हलतंय! हेही हसले. घोड्यासारखे. त्यांना परवानगी आहे.

२० मार्च, बुधवार

संघटनेचे सचिव आले होते. "ताई, मेळाव्याला ते डागांचं वाक्य हवंच हं! हुकमी एक्का आहे." पाटीवर लिहिलं — विचारून सांगते.

"कुणाला?" बिचारा अजून गोंधळलेला असेल.

२१ मार्च, गुरुवार

पुन्हा पहिल्यापासून लिहिते आहे. चादर, नळ, पायरीवर बसलेली मुलगी. ती बाई कुणाकडेही बघत नाही. पिळते. मी तिच्या मधे मधे येत नाही. फार कठीण आहे हे! हात दुखेपर्यंत लिहिलं आणि सहाच पानं झाली.

२३ मार्च, शनिवार

खटखटबाई आल्या. सहा पानांपैकी साडेतीनच टाइप झालेली. अशी अर्धी पानं त्यांनी आजवर कधी आणली नव्हती. मी उलटसुलट करून पाहिलं. समास कोरा. टाळ्या नाहीत, श्वाससुद्धा नाही.

"राहिलं, ताई," त्या म्हणाल्या. "वाचतच बसले."

त्या गेल्यावर सात वह्या कपाटात परत ठेवल्या. रद्दीवाल्यानं दुसरं घर बघावं!

२४ मार्च, रविवार

हे विचारतात, "उद्या तोंड उघडणार. पहिलं वाक्य कोणतं? काहीतरी गोड बोल, मी काम बंद ठेवतो." सचिवांचा निरोप — मेळाव्यात पहिली गर्जना होऊ दे. त्यांना कळवलंय, दहा मिनिटं बोलेन, आणि ते वाक्य कुणाचं हे आधी सांगेन. बाईंना विचारलं आहे. म्हणाल्या, "आईचं नाव नीट घ्या म्हणजे झालं."

२५ मार्च, सोमवार

सूज उतरली. डॉक्टर म्हणाल्या, बोला. नाही बोलले. वाटभर नाही, घरी नाही. हे बिचारे काम बंद ठेवून बसले होते.

चार वाजता खटखटबाई आल्या. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, चहा दिला. वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं. बाई आपल्या आईचं सांगू लागल्या आणि मधेच थांबल्या.

मी म्हणाले, "पुढे, बाई?"