अडेल त्याने भरायची

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

सकाळपासून कानात टकटक चालली आहे. सातवीच्या वर्गात गुरुजी भुजंगप्रयात शिकवायचे आणि शेवटच्या बाकावर तुझे वडील कंपासपेटीच्या पत्र्याच्या झाकणाने ताल धरायचे, तीच ती टकटक. गुरुजी फळ्याकडे वळले की सुरू, आमच्याकडे वळले की बंद. इतकी वर्षं झाली, पण भुजंगप्रयात म्हटलं की मला आधी पत्रा ऐकू येतो आणि मग शब्द.

असो. तुला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद. या म्हाताऱ्याला तुझा पत्ता कुठून मिळाला, असं वाटेल. लग्नाच्या आहेराचे आभार मानणारं तुझं कार्ड मी जपून ठेवलं होतं, त्यावरून उतरवला. फोन नंबर त्यावर नव्हता. तुझे वडील त्या लग्नाला आले नाहीत, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. त्या भांडणात मी पडत नाही. मी आपली माझी बातमी सांगतो.

वसंतात मी राहतं घर सोडून या राज्यात मुलाकडे आलो, हे तुला कळलं असेल. खोली उजेडाची आहे. खिडकीसमोर गॅरेज आहे, दिवसभर कोणी ना कोणी गाडीखाली झोपलेलं दिसतं. सूनबाईच्या पायाचं ऑपरेशन झालं. तिला व्यायामाला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. 'होतं' म्हणतो, कारण गेल्या आठवड्यात पोलिसाने आमची गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याने यंत्रात नंबर टाकला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा यंत्राकडे पाहिलं.

"आजोबा, तुमचं लायसन्स तिकडच्या राज्याने रोखलंय. दंड थकलेत."

"कसले दंड?"

"पार्किंगचे. ढीग आहे."

गाडी तिथूनच ओढून नेली. परतताना टॅक्सीत सूनबाई कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसली होती. मग म्हणाली, "बाबा, शेजारी विचारतील त्यांना काय सांगू? आमचे सासरे कविता म्हणतात आणि फरार आहेत?" मी हसलो. ती हसली नाही.

आता या दंडांची कथा ऐक. आपली जुनी शाळा बंद पडली, तिच्या फाटकासमोरच्या गल्लीत आगीच्या बंबांचं ठाणं आलं आणि तिथे गाडी उभी करायला मनाई झाली. पण दर रविवारी सकाळी मी आणि तुझे वडील तिथेच माझी गाडी लावून बसायचो. काचा वर, मध्ये थर्मास, आणि पाठ असलेल्या कविता पाळीपाळीने म्हणायच्या. दुसरी जागा का नाही, असं तू विचारशील. दुसऱ्या जागेवरून सातवीच्या वर्गाची खिडकी दिसत नव्हती.

बाहेर शिपाई येऊन वायपरखाली दंडाची चिठ्ठी खोचून जायचा. तिचाही आम्ही खेळ केला होता: कवितेत जो अडेल, त्याने त्या रविवारची चिठ्ठी भरायची.

सुरुवातीला कधी मी अडायचो, कधी तो. (त्याला मी जन्मभर अरे-तुरे केलं, इथेही तसंच लिहितो.) नंतर नंतर तोच अडू लागला. मोठ्या ऐटीत चिठ्ठी खिशात घालायचा. पुढच्या रविवारी मी विचारलं की म्हणायचा, "भरली रे. तू काय मला बुडव्या समजतोस?" मला वाटायचं, माझी पेन्शन लहान म्हणून हा मुद्दाम हरतो. मी त्याच्यावर कुरघोडी करून खूश व्हायचो. एकदा तो पहिल्याच ओळीला अडला. ती कविता आम्हाला पहिलीत होती. मी म्हटलं, "नाटकं पुरे." तो काचेतून शाळेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "थांब, येतेय." ती आली नाही.

त्याने खिशात घातलेली एकही चिठ्ठी भरलेली नाही, चिमणे.

पैशांचं सोड, ते मी हळूहळू फेडीन. पण माझा मुलगा पेटला आहे. "मजा काकांनी केली आणि भोगताय तुम्ही. आज मी त्यांना फोनवर चांगला झाडतो." मी म्हटलं, लावू नकोस. का, ते सांगितलं नाही. कारण त्याच्या आधी मी स्वतः लावला होता.

"चिठ्ठ्या? कालच भरल्या," तो म्हणाला. "तू रविवारी ये, मी गल्लीत थांबतो."

"अरे, मी इथे राहायला आलोय ना मुलाकडे."

"कधी?"

माझं सामान ट्रकमध्ये त्याने चढवलं होतं. खोक्यांवर 'पुस्तकं, सांभाळून' असं त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे. ती खोकी या खोलीत माझ्यासमोर आहेत.

एकदा त्याने मला विचारलं होतं, "पोरीला काही सांगणार नाहीस ना?" मी तसा शब्द दिला होता. म्हणून इतकी पानं मी दंडांच्या गोष्टीत घालवली. आता स्पष्ट लिहितो. तो घरात एकटा आहे आणि त्याला आठवत नाही. गॅस बंद केला की नाही, हेही आठवत नसेल. राग ठेवायचा तर ठेव, पण जवळ जाऊन ठेव. त्याला

बेल वाजली म्हणून वाक्य अर्धं राहिलं. आता पुन्हा लिहायला बसलो आहे.

दार मुलाने उघडलं. बाहेर तुझे वडील होते. घरातला सदरा, पायात दोन वेगळ्या चपला, सोबत एक अनोळखी बाई. निघताना माझा पत्ता मी त्याला कागदावर लिहून दिला होता. रात्रीच्या बसमध्ये त्याच्या हातात तो पाहून तिने त्याला दारापर्यंत आणून सोडलं.

"काय रे," तो मला म्हणाला, "काल गल्लीत तुझी गाडी नव्हती. म्हटलं, बरं नाही की काय."

त्याला झाडायला निघालेला माझा मुलगा पुढे आला. त्याने त्याला खुर्चीत बसवलं आणि खाली वाकून त्याच्या चपला काढल्या. सूनबाई सोफ्यावर पाय वर करून बसली होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "चिमणे, पाणी आण गं."

"आणते, बाबा," ती म्हणाली, आणि कुबड्या घेऊन उठली.

तो आता माझ्या पलंगावर झोपला आहे. फोन नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. जुन्या घरी जाऊ नकोस, इकडे ये. तू येईपर्यंत त्याला पाणी आम्ही देऊ.

वाट पाहणारा,
तुझा काका