भारी काठी

बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रिय खडू,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशील. फोनच करणार होते, पण फोनवर बाबांचा विषय निघाला की तुझ्या दारात लगेच कोणीतरी येतं, नाहीतर गॅसवरचं दूध उतू जातं. लहानपणी बोटं कायम खडूने माखलेली म्हणून तुला खडू म्हणायचो, हल्ली त्यापुढे एक ‘स’ लावावासा वाटतो. असो.

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. मी बाबांसाठी काठी बनवून घेतली. पूल खेळायची काठी, क्यू, दुकानातली तयार नव्हे, खास सांगून केलेली. आणि त्या काठीपायी माझं डोकं असं फिरलंय की औषधाच्या दुकानात कोणी सर्दीची गोळी मागितली तरी मी त्याच्यावर खेकसते. आज एक आजी म्हणाल्या, “बाई, तूच एक गोळी घे.”

झालं असं. तुला बाबांना ‘जरा अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलं होतं ना, तो अशक्तपणा उजव्या हातात आहे. पेला धरतात, पण भरलेला नाही. त्यावर नंतर लिहिते. तर मागच्या खोलीतल्या पूलच्या टेबलावर त्यांनी चादर टाकून ठेवली होती. जन्मभर लोकांच्या टेबलांना कापड चढवत हिंडलेला माणूस, आणि स्वतःच्या टेबलावर जुनी चादर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात चालता ठेवा. बाबा म्हणाले, “जुनी काठी जड होते. हलकी असती तर खेळलो असतो.” झालं, मी ते वाक्य पकडलं.

चौकशी करून कारागीर गाठला. राहतो लांब, त्यामुळे सगळं फोनवर. मी म्हटलं, “काठी हलकी हवी.” तर तो म्हणाला, “ताई, आमच्याकडे हलकं काम होत नाही.” मला वाटलं, असेल ताठा, कारागीर माणूस आहे. म्हटलं, “तसं नाही हो, वडिलांसाठी हवीय.” लगेच विरघळला. “वडिलांसाठी? मग तर भारीच करतो. एकदम भारी!” आणि मी, तुझी शहाणी ताई, काय म्हणाले असेन? “हो हो, भारीच करा.”

हस. हसून झालं की पुढे वाच.

मग सुरू झालं वाट बघणं. कधी विचारावं तर “लाकूड वाळतंय.” नंतर “पॉलिश वाळतंय.” म्हटलं, अहो, इथे मी वाळतेय! तर म्हणे, “घाई केली की काम हलकं होतं, ताई.” पुन्हा तेच! तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

परवा खोकं आलं. उचलताना मनगट खाली गेलं. वाटलं, बांधणीच जड असेल. उघडलं तर काठी दिसायला इतकी देखणी की मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. तांबूस लाकूड, दोन तुकडे असे जुळतात की सांधा बोटाला लागत नाही. पण वजन! दाराला अडसर म्हणून लावली तर चोर आल्या पावली परत जाईल. तशीच फोनला भिडले. हा आपला खुशीत: “बघितलीत ना? मुठीत लोखंड भरून वरून लाकडाने बंद केलंय. जन्मात सैल होणार नाही.”

“अहो, मी हलकी सांगितली होती! वजनाला हलकी!”

“वजनाला?” तो म्हणाला. “मग वजनाला म्हणायचं ना, ताई. मला वाटलं, तुम्हाला कमी प्रतीची चालेल. मी मनात म्हटलं, वडिलांसाठी कोणी असं मागवतं का?”

म्हणजे वर मीच वाईट मुलगी! मी नाही नाही ते बोलले. माणूस वाईट नाही रे, परत पाठवा, लोखंड काढून देतो म्हणाला. पण माझा पारा उतरेना. जी एक गोष्ट धड करायची होती तीच अशी व्हावी?

माझा आवाज ऐकून बाबा आले. हल्ली भिंत धरून येतात, तरी मला काठी लपवायला वेळ मिळाला नाही. खुर्चीत बसले, डाव्या हाताने ती ओढून मांडीवर आडवी घेतली, जरा तोलून बघितली. मला वाटलं, आता चिडणार. पण चेहरा असा काही खुलला की काय सांगू.

“ही त्याची काठी,” म्हणाले. त्याची म्हणजे तुझी. “एवढी जड त्यालाच लागते. कधी येतोय?”

खडू, सगळं माझ्या ओठांवर होतं. हलकी, भारी, लोखंड, तो कारागीर. तोंड उघडलंही होतं. आणि त्या तोंडातून निघालं, “येतोय. कधी ते कळवतो म्हणालाय.”

तेव्हापासून घरात काय चाललंय ते ऐक. चादर निघाली. उजवा हात टेबलाच्या कडेला टेकवायचा आणि डाव्या हाताने ब्रश मारत कापड साफ करायचं. थकले की बसतात, परत उठतात. मी मदतीला गेले तर “तुला त्यातलं कळत नाही” म्हणून हाकललं. याच टेबलापाशी ते तुला म्हणाले होते, “माझा धंदा नको ना, मग माझ्या टेबलालाही हात लावायचा नाही.” तू म्हणालास, “नाही लावणार.” आणि खरंच लावला नाहीस. काय पण दोघं शब्दाचे पक्के! मध्ये माझं भरीत झालं ते कोणी बघितलं नाही.

काल मला विचारत होते, “असा हात घेऊन त्याच्याशी खेळलो तर त्याला चालेल का गं?” बाबा विचारत होते. आपले बाबा. मी भांडी घासायच्या निमित्ताने आत पळाले.

हाताचं नंतर लिहिते म्हटलं होतं. अर्धांगाचा झटका होता. आता बोलतानाही मध्येच शब्द सापडत नाही, मग रागावून भिंतीकडे तोंड करतात. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. “कीव येऊन येईल, तसा नको.” मी ऐकलं. आज मोडली शपथ. डॉक्टरीणबाई पुढचं काही छातीठोक सांगत नाहीत, आणि मीही त्यांना खोदून विचारत नाही. मला भीती वाटते रे.

कारागिराचा आज परत फोन होता, “कधी पाठवताय?” त्याला म्हटलं, राहू दे. पाठवली तर बाबांना कारण काय सांगू? भिंतीवर तुझी काठी असायची त्या खिळ्यांवर त्यांनी ती लावून ठेवलीय, सारखी पुसत असतात. तू ये आणि ती उचल. बाबांसाठी दुसरी मागवू, आणि या वेळी कारागिराशी तूच बोल, माझ्या मराठीवर माझा भरवसा उरलेला नाही.

आत्ता हे लिहितेय तोवर मागून ब्रशचा आवाज येतोय. कापड झिजवून टाकतील अशाने.

खडू, मला खोटी पाडू नकोस.

तुझीच,
ताई