एकोणीस गुणांचा परवाना

हॅचेट खोरे, बसिलिओची ओंडक्यांची खोली,
९ सप्टेंबर, सकाळ

विनिफ्रेड मे टॅगार्ट यांस,

सप्रेम अभिवादन. पत्राच्या आरंभी समोरच्या व्यक्तीच्या प्रकृतीची चौकशी करावी असा शिष्टाचार आहे, आणि एकेचाळीस वर्षे शाळेत भूमिती शिकवताना पालकांना लिहिलेल्या कोणत्याही पत्रात मी तो मोडलेला नाही. तुझ्या बाबतीत मात्र ती चौकशी करणे आता प्रशस्त वाटत नाही, आणि न करणे उद्धटपणाचे होईल. म्हणून मी माझीच प्रकृती कळवतो. दोन्ही गुडघे सोलले आहेत. नाकाचे कातडे उन्हाने निघाले आहे. बारा हजार फुटांवर श्वास आपोआप चालत नाही. तो माणसाला लक्ष ठेवून स्वतः घ्यावा लागतो, आणि मध्येच दुसरा काही विचार आला तर राहून जातो. बाकी क्षेम आहे. (पूर्ण नावाने लिहिले म्हणून रागावू नयेस. 'विनी' अशी हाक मारली की तू घराच्या दुसऱ्या टोकाहून 'आता काय हवंय?' असे विचारायचीस. पूर्ण नावाला तू कधीच उत्तर दिले नाहीस. सध्या तेच सोयीचे आहे.)

पत्रास कारण की परवाना मिळाला. जिथे झाडे संपतात त्याच्याही वरच्या खोऱ्यांत, शिंगांवर अजून कोवळ्या कातडीची मखमल असते त्या पहिल्या हंगामात खेचरासारख्या कानांच्या हरणाची शिकार करण्यासाठी आपण दोघांनी एकोणीस वर्षे जोडीने अर्ज केला आणि एकोणीस वर्षे तो नामंजूर झाला. दर नामंजुरीला परवाना खाते एक गुण देते आणि गुण साठले की नंबर लागतो, ही व्यवस्था तुला न्याय्य वाटत असे. मला ती शिक्षक म्हणून अपमानास्पद वाटे, कारण नापास होण्याबद्दल मी कोणालाही कधी गुण दिलेला नाही. तर आपले प्रत्येकी एकोणीस गुण भरले, आणि तू गेल्यानंतर सहा आठवड्यांनी दोन लिफाफे एकाच टपालात आले. तुझा परवाना मी कारण नमूद करून, सुवाच्य अक्षरात परत पाठवला. माझाही पाठवणार होतो. परंतु प्रश्न वचनाचा होता. दर ऑगस्टमध्ये तू इथून वरच्या कड्यावर नर मोजायला जायचीस आणि निघताना म्हणायचीस, 'चल ना लेलँड, एकदा वरून बघ.' मी ओसरीवरच्या खुर्चीतून, भूमितीच्या कोड्यावरची नजर न काढता, उत्तर द्यायचो, 'परवाना मिळाला की येईन.' हे मी एकोणीस वेळा म्हणालो आहे. परवाना मिळण्याची शक्यता मी कागदावर मांडून पाहिलेली होती, त्यामुळे ते वचन देण्यात मला कसलाही धोका दिसत नव्हता.

सोबतीला तुझी बहीण कॉर्डेलिया आली, आणि खोली व खेचरे ज्याची तो बसिलिओ अर्चुलेटा तर होताच. दोघांनीही मी येऊ नये हे आपापल्या परीने स्पष्ट केले. कॉर्डेलियाचे म्हणणे, 'भाऊजी, तुम्ही उंबऱ्याला ठेच लागली तरी उंबरा बदलायला सांगता. डोंगर कोण बदलणार?' बसिलिओने फक्त माझ्या नव्या बुटांकडे पाहिले आणि माझ्यासाठी एक खेचर वाढवले. निघायच्या दिवशी माझे नारिंगी जाकीट सापडेना. (ते नंतर सापडले. अंगावर न घातलेल्या वस्तू मी इतक्या व्यवस्थित ठेवतो की त्या मला पुन्हा दिसत नाहीत.) शिकाऱ्याच्या अंगावर कायद्याने भडक रंग आवश्यक असल्यामुळे मी तुझे गुलाबी जाकीट घातले. ते मला बरगड्यांशी घट्ट आणि मनगटांशी आखूड होते. बसिलिओने मला आपादमस्तक न्याहाळले. 'मास्तर, हरणाला रंग दिसत नाहीत म्हणतात. मला दिसतात हो.' कॉर्डेलिया म्हणाली, 'राहू दे रे, ताईचं आहे ते.' त्यानंतर बसिलिओ बराच वेळ खेचराचा एकच पट्टा पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

या जाकिटाच्या आतल्या खिशात निळ्या दोऱ्यात बांधलेली एक किल्ली सापडली. ती या खोलीची आहे. दर वर्षी खोली सोडताना मी माझी किल्ली बसिलिओच्या हातात देत असे, आणि तूही तुझी दिलीस असा माझा समज होता. एकोणीस वर्षे दुसऱ्याच्या मालमत्तेची किल्ली परस्पर बाळगणे याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. या खेपेला मी दोन्ही किल्ल्या परत करीन.

पहिला दिवस. तुझी शिकारीची वही मी मुखोद्गत केली आहे. त्यातला चौथा नियम, 'हरीण शोधू नकोस, कान शोध.' सकाळी नऊ चाळीसला खुरट्या विलोच्या झुडपांपलीकडे मला कान दिसले. लांब, रुंद, आतून फिकट, एकेक करून वेगवेगळ्या दिशांना वळणारे, वहीतल्या वर्णनाशी तंतोतंत जुळणारे. मी पालथा झालो आणि चिखल, खडी व काटे यांतून दीडशे यार्ड सरपटत गेलो. त्याला चाळीस मिनिटे लागली. गुडघे तिथेच सोलले. शेवटच्या झुडपाशी पोहोचून डोके वर काढले तेव्हा माझ्याकडे डचेस पाहत होती. (डचेस म्हणजे मला वाहून आणणारी खेचराची मादी. मला ती ओळखू आली नाही आणि तिने मला ओळखले, हा भाग अधिक लागला.) खालच्या तळावर बसिलिओ आणि कॉर्डेलिया कॉफीचे पेले घेऊन आळीपाळीने दुर्बिणीतून हे सर्व पाहत होते. मी तिच्यापर्यंत पोहोचतो की निम्म्यात ओळखतो, यावर त्यांनी भांडी घासण्याची पैज लावली होती. मी परतल्यावर बसिलिओ भांडी घासत होता. मान वर न करता तो म्हणाला, 'मास्तर, मी तुमच्या बाजूने होतो. आणि खेचराचा परवाना वेगळा काढावा लागतो बरं.'

दुसऱ्या दिवशी एकही हरीण दिसले नाही. तुझा पहिला नियम वाऱ्याचा. पहाटे वारा उतारावरून खाली वाहतो, ऊन चढले की वर वळतो, आणि तो कोणीकडे आहे हे डोक्याने न ठरवता बाटलीने ठरवावे. तू ती चेपायची छोटी बाटली जवळ ठेवायचीस आणि चिमूटभर पूड हवेत सोडून कुठे जाते ते पाहायचीस. मी हा नियम अत्यंत काटेकोरपणे पाळला. दोन्ही दिवस दर दहा मिनिटांनी वारा तपासला आणि वेळ, दिशा व अंदाजे वेग यांचा तक्ता केला. तक्ता फार चांगला झाला आहे. हरणे मात्र नव्हती. बसिलिओ चकित झाला. 'चाळीस वर्षांत हे खोरं असं ओसाड पाहिलं नाही. त्यांना कुणी सांगितलं काय?' दुपारी कॉर्डेलिया माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने नाक वर केले.

'भाऊजी, हा वास कसला येतोय?'

मी म्हणालो, रानफुलांचा असावा.

'सप्टेंबरात लायलॅकची फुलं? एवढ्या उंचीवर? ती बाटली दाखवा बघू.'

बाटली तुझ्या खणात रिकामी सापडली होती, आणि पूड ही पूडच असते या समजुतीने मी ती तुझ्या आरशापुढच्या गोल डब्यातून भरली होती. हे मी सरळ सांगितले. कॉर्डेलिया हसायला लागली आणि हसता हसता तिला खडकाचा आधार घ्यावा लागला. 'म्हणजे दोन दिवस तुम्ही अख्ख्या डोंगराला पावडर लावताय?' मी प्रात्यक्षिकासाठी बाटली चेपून दाखवली. त्या वेळी ऊन चढलेले होते. नियमाप्रमाणे वारा वर वळलेला होता. खोऱ्याकडे तोंड करून सोडलेली ती सगळी पूड उलटून आम्हा दोघांच्या तोंडावर आली.

कॉर्डेलियाचे हसणे तिथे थांबले. मी तक्त्यात दिशेची नोंद करण्याचा प्रयत्न केला, पण पेन्सिल नीट चालेना. काही वेळाने तिने बाहीने तोंड पुसले आणि म्हणाली, 'चला भाऊजी, दोन घास खाऊन घ्या.' बसिलिओला तिने काही सांगितले नसावे, कारण जेवताना तो तीनदा आजूबाजूला हुंगला आणि प्रत्येक वेळी आपल्याच शर्टाच्या बाहीचा वास घेऊन पाहिला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी कड्यावर गेलो. तुला ही चढण पाऊण तास लागत असे; मला तीन तास लागले, त्यांतला एक तास मी निसर्ग पाहण्याचा देखावा करत उभा होतो. कॉर्डेलिया खिंडीत थांबली. 'पुढचं तुमचं तुम्ही जा. ताई मलाही तिथं नेत नसे.' वर तुझी बसण्याची जागा लगेच सापडली, कारण सपाट दगडाच्या फटीत तुझ्या पेपरमिंटच्या गोळीचा कागद अजून आहे. (असा कचरा टाकण्याबद्दल मी स्वतंत्रपणे बोलणार होतो. तूर्त तो तसाच ठेवला आहे.) त्या दगडाच्या उजवीकडे, चौदा इंचांवर, दुसरा सपाट दगड आहे. त्याच्यामागे पाठ टेकायला धोंडे रचलेले आहेत आणि तो डुगडुगू नये म्हणून एका बाजूने तीन चपट्या कपच्या सारलेल्या आहेत. मी त्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली. ती कोणत्याही बाजूला घरंगळली नाही. डुगडुगणाऱ्या खुर्च्यांबद्दल मी घरी काय काय बोलत आलो आहे, हे तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. धोंड्यांवर धरलेल्या शेवाळावरून पाहता ही व्यवस्था अलीकडची नाही. पहिल्या दोनतीन वर्षांतलीच असावी.

मी त्या दगडावर बसलो. तुझा रिकामा राहिला.

सूर्य वर आल्यावर खालच्या घळीतून नर आला. शिंगांवर मखमल होती, आणि कडेने ऊन लागल्यामुळे ती धुरकट सोनेरी दिसत होती. अंतर दोनशे दहा यार्ड, उताराचा कोन सुमारे तीस अंश. मी तुझी रायफल खांद्याला लावली. सवयीने डाव्या हाताने बाटलीही चेपली, आणि चेपल्यावर लक्षात आले की तिच्यात अजून तेच आहे. कड्याच्या सावलीत वारा अजून खालीच वाहत होता. नराने मान वर केली. तो पळाला नाही. दोन्ही कान माझ्याकडे वळवून तो तिथेच उभा राहिला, आणि ओळखीचे कोणी आले असावे पण नेमके कोण ते आठवत नसावे, अशा रीतीने बराच वेळ पाहत राहिला. तेव्हा मी विचार केला की एकोणीस वर्षे तू यांना मोजलेस आणि यांनीही तुला पाहिले असणार. त्या क्षणी मी तत्त्व म्हणून, पूर्ण विचारांती आणि स्वेच्छेने, रायफल खाली ठेवली. नर शांतपणे घळीत उतरून गेला.

वरून दिसते ते तू सांगायचीस तसेच आहे. वर्णन करत नाही. तू ते माझ्याहून चांगले करायचीस आणि मी ऐकत नसे. तिथे बसल्यावर एक साधी गोष्ट ध्यानात आली. नुसते वर येऊन तुझ्याशेजारी बसायला परवाना लागत नव्हता. भूमिती शिकवणाऱ्या माणसाला हे थोडे आधी सुचायला हरकत नव्हती. उशिरा आलेली उत्तरपत्रिका मी कधी स्वीकारली नाही, त्यामुळे तू माझी स्वीकारावीस असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. ती केवळ सादर करत आहे.

तुझा,
लेलँड फॉरेस्ट टॅगार्ट

ता. क. (१) वर 'तत्त्व म्हणून' असे लिहिले आहे, त्यात दुरुस्ती आवश्यक आहे. मी चाप ओढला होता. फक्त 'टक' असा आवाज आला. तुझ्या वहीतला दुसरा नियम, 'चालताना रायफल रिकामी ठेव,' मी इतका मनापासून पाळला की काडतुसे तिन्ही दिवस खोलीतल्या कॉफीच्या डब्यात होती. (म्हणजे डचेसच्या दिवशीही. तिला हे कळवलेले नाही.) नर गेला तो त्या आवाजाने, आणि तो गेल्यावर मला इतके हायसे वाटले की मी त्याचे तिथल्या तिथे तत्त्व केले. खाली येऊन कॉर्डेलिया आणि बसिलिओला तत्त्वाचीच हकिकत सांगितली आहे. कॉर्डेलियाने आदराने मला घेवड्याचा दुसरा वाडगा वाढला. बसिलिओ एवढेच म्हणाला, 'मास्तर, तुमच्यापेक्षा त्या हरणाचं नशीब मोठं.' तो काल कॉफी करायला डबा उघडत होता, तेव्हा त्याला सर्व ठाऊक असावे. तुझ्याकडून ही गोष्ट बाहेर जाणार नाही याची खात्री आहे.

ता. क. (२) परवाना वापरला न वापरला, गुण शून्यावर आले आहेत. येत्या वसंतात पुन्हा अर्ज करणार आहे, कॉर्डेलियाबरोबर जोडीने. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, 'नंबर लागेल तेव्हा तुम्ही नव्वदीचे असाल, भाऊजी.' मी सांगितले की मोजणीसाठी मी दर ऑगस्टमध्ये वर जाणारच आहे, परवाना दुय्यम आहे. आता हे पत्र ज्यासाठी लिहिले ती विनंती. कॉर्डेलियाकडे चौकशी केली. तुझी ती पावडर आता बनत नाही. डब्यात तीन बोटे उरली आहे. तीन दिवसांत मी एक बोटभर डोंगरावर उडवली, त्याबद्दल क्षमा असावी. पुढच्या खेपेपासून वाऱ्यासाठी मक्याचे पीठ नेईन, आणि डबा आरशापुढे जिथे आहे तिथेच, झाकण घट्ट लावून राहील. झाकण मी कधी उघडले तर ते वाऱ्याच्या कामासाठी नसेल. यास तुझी हरकत नसावी.

ता. क. (३) खेचरांवर सामान चढले आहे आणि कॉर्डेलिया हाका मारते आहे. चूल विझवली, खिडक्या लावल्या, ओसरीवरची माझी खुर्ची आत घेतली. दाराला कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिले. किल्ल्या बसिलिओला परत केल्या. (पैकी एक.)